पॅटनचे गुळगुळीत गाल

‘पॅटन’ हा १९७० सालचा चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रध्वजापासून सुरू होतो. ध्वज एवढा अवाढव्य, की पडद्याच्या चारही कडा त्यानेच भरून जातात. त्याच्यापुढे पॅटन झालेला जॉर्ज सी. स्कॉट चढून येतो तेव्हा जेमतेम बोटभर दिसतो. मग कॅमेरा जवळ जाऊन एकेक वस्तू निरखू लागतो : छातीवरची पदकं, बोटांतल्या अंगठ्या, कमरेचं पांढऱ्या मुठीचं पिस्तूल, शिरस्त्राण, चेहरा. हे सगळं ६५ मिलिमीटर रुंदीच्या निगेटिव्हवर चित्रित झालं होतं. नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरच्या फ्रेमपेक्षा तिच्यावरची फ्रेम जवळजवळ तिप्पट मोठी असते. एवढ्या जागेत गणवेशाच्या कापडाची वीणसुद्धा मावते.

२००८ साली या चित्रपटाची ब्लू-रे डिस्क निघाली आणि पहिल्या झटक्यात तिचं कौतुकच झालं. चित्र लख्ख, कुठे खरखर नाही, डाग नाही, ओरखडा नाही. मग चोखंदळ लोकांच्या लक्षात येऊ लागलं, की स्कॉटच्या चेहऱ्यावर सुरकुत्या आहेत पण त्वचा नाही. रंध्रं गेली होती, कापडाची वीण गेली होती, आणि रणगाड्यांच्या धुरळ्यात राबणारे सैनिक नुकतंच तोंड धुऊन आल्यासारखे दिसत होते. २०१२ मध्ये त्याच चित्रपटाची सुधारलेली डिस्क आली. तिच्यात चित्रावरची बारीक सळसळ परत आली, आणि तिच्यासोबत त्वचा, कापड, धूळ हेही परत आलं.

जुना, रुंद पडद्याचा चित्रपट घरी कसा दिसतो हे ठरवताना ‘चित्र किती स्वच्छ आहे?’ हा प्रश्न हमखास दगा देतो. तो टीव्हीच्या दुकानात ठीक. आपण विचारायचं ते हे : निगेटिव्हवर जे होतं त्यातलं काय इथवर पोचलं? आणि जे तिथे नव्हतंच, ते कुणी घुसडलं?

त्या सळसळीबद्दल आधी बोलू, कारण निम्मी भांडणं तिच्यावरूनच होतात. फिल्मवरचं चित्र चांदीच्या क्षारांच्या अतिसूक्ष्म कणांतून घडतं. रंगीत फिल्ममध्ये रासायनिक धुलाईत चांदी निघून जाते आणि कणांच्या जागी रंगद्रव्याचे सूक्ष्म ठिपके उरतात. प्रत्येक फ्रेममध्ये हे कण वेगळ्या जागी पडलेले असतात, म्हणून सेकंदाला २४ फ्रेम पळू लागल्या की सपाट भिंतीवर किंवा आकाशावर एक हलकी हालचाल जाणवते. हीच ग्रेन. चित्रावर वरून पडलेली ती धूळ नव्हे. चित्र तिचंच बनलेलं असतं.

ग्रेन पुसणारं सॉफ्टवेअर, ज्याला या क्षेत्रातले लोक ‘डीएनआर’ म्हणतात, साध्या हिशेबावर चालतं. शेजारशेजारच्या फ्रेम ताडून बघायच्या, जे दरवेळी बदलतं तो कचरा समजायचा आणि त्याची सरासरी काढायची. हिशेब चुकीचा नाही. पण गालावरचं रंध्र, लोकरीचा धागा, दूरवरच्या डोंगरावरचं झुडूप यांचा आकार आणि ग्रेनचा आकार सारखाच असतो, आणि माणूस किंचित हलला की तेही ‘बदलतं’. सॉफ्टवेअरला फरक कळत नाही. हात हलला की त्याच्यामागे पुसट सावली ओढली जाते, चेहरा मेणाचा होतो. कंपन्यांना मात्र हा उद्योग सोयीचा वाटत आला आहे. ग्रेन प्रत्येक फ्रेममध्ये नवी असल्याने ती डिस्कवर कोंबून बसवणं महागात पडतं. शिवाय नवा कोरा सपाट टीव्ही घेतलेल्या गिऱ्हाइकाला ‘खरखर’ नको असते.

तर मग ग्रेन किती असावी? चित्रपट कोणत्या पद्धतीने चित्रित झाला हे ठाऊक नसेल, तर याला उत्तर नाही. त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

१९५० नंतर अमेरिकेत घराघरांत टीव्ही शिरला आणि थेटरं ओस पडू लागली. टीव्हीला जमणार नाही असं काहीतरी देणं हॉलिवूडला भाग होतं, आणि ते म्हणजे रुंदी. सप्टेंबर १९५२ मध्ये न्यूयॉर्कला सिनेरामा आला : तीन कॅमेऱ्यांनी घेतलेली तीन चित्रं, तीन प्रोजेक्टरनी एका भल्यामोठ्या वक्र पडद्यावर शेजारी शेजारी टाकलेली. हा थाट प्रत्येक गावाला परवडण्याजोगा नव्हता. पुढच्याच वर्षी ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्सने ‘द रोब’मधून सिनेमास्कोप आणला. आंरी क्रेतियाँ या फ्रेंच संशोधकाचं भिंग त्यात कामाला आलं. हे भिंग चित्र आडवं दाबून साध्या ३५ मिलिमीटर फिल्मवर बसवतं आणि प्रोजेक्टरवरचं भिंग ते पुन्हा दुप्पट फाकवतं. पडद्याची रुंदी उंचीच्या सव्वापट-दीडपट असायची, ती एकदम अडीचपटीवर गेली. पुढे फिल्मच्या कडेला आवाजाची पट्टी द्यावी लागल्यावर २.३५ वर स्थिरावली.

बाकीच्यांनी आपापली डोकी चालवली. पॅरामाउंटने व्हिस्टाव्हिजनमध्ये फिल्म आडवी पळवली, त्यामुळे प्रत्येक फ्रेमला दुपटीहून जास्त जागा मिळाली. हिचकॉकचा ‘व्हर्टिगो’ त्यातलाच. ‘बेन-हर’ ६५ मिलिमीटरवर आणि वर थोडा दाबून घेतला गेला, म्हणून तो २.७६ इतका लांबुळका. इटलीत उलटा प्रकार. टेक्निस्कोप या पद्धतीत पैसे वाचवण्यासाठी प्रत्येक फ्रेमला नेहमीच्या निम्मी उंची देत. सर्जियो लिओनीचे काउबॉयपट याच पद्धतीचे. क्लिंट ईस्टवुडच्या कपाळावर भरड ग्रेन दिसली तर डिस्क वाईट आहे असं समजू नका. निम्म्या फ्रेमचं चित्र तेवढ्याच मोठ्या पडद्यावर ताणल्यावर दुसरं काय होणार? पण ६५ मिलिमीटरवर घेतलेल्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’च्या वाळूत तेवढीच भरड ग्रेन दिसली, तर कुणीतरी निगेटिव्ह सोडून चौथ्या-पाचव्या पिढीच्या नकलेवरून काम भागवलं आहे असं खुशाल समजावं.

जुन्या भिंगांचे दोषही डिस्कच्या माथी मारू नयेत. सुरुवातीच्या सिनेमास्कोप भिंगांची एक खोड प्रसिद्ध आहे. जवळून चेहरा टिपला की भिंगाचा दाब कमी पडायचा, पण प्रोजेक्टर मात्र चित्र पूर्ण दुप्पट फाकवायचा. परिणामी नायिकेचे गाल सुजल्यासारखे दिसत. हॉलिवूडवाल्यांनी त्याला गालगुंडाचंच नाव देऊन टाकलं होतं. पॅनाव्हिजन कंपनीने ही खोड काढलेली भिंगं आणली आणि साठच्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत खुद्द फॉक्सनेही आपली भिंगं मोडीत काढली. त्या काळच्या स्कोप चित्रपटांत पडद्याच्या डाव्या-उजव्या टोकाला चित्र जरा मऊ पडतं, उभे खांब किंचित वाकतात. हे असंच दिसायला हवं. खांब सरळ करून देणारी डिस्क निघाली तर मी ती घेणार नाही.

माझी आवडती कसोटी मात्र वेगळीच आहे. पन्नासच्या दशकातल्या रंगीत स्कोप चित्रपटात एक दृश्य विरून दुसरं उमटतं, ती जागा शोधायची. असं मिश्रण तेव्हा प्रयोगशाळेत दोन्ही दृश्यांची नक्कल काढून तिसऱ्या फिल्मवर केलं जाई, आणि पुष्कळदा नुसता विरण्याचा क्षणच नव्हे तर तो सबंध शॉट नकलेवर जाई. म्हणून पात्रं बोलत असताना कापलेल्या एका शॉटपासून चित्र अचानक थोडं मळकट, थोडं भरड होतं. आता दृश्य विरणार हे जाणकाराला आधीच कळतं. मिश्रण संपून नवा शॉट आला की पडदा पुन्हा उघडल्यासारखा होतो. चांगल्या डिस्कवर ही पायरी स्पष्ट जाणवते. सगळं एकसारखं दिसलं तर दोनच शक्यता : एक तर सबंध चित्रपट नकलेवरून घेतला आहे, किंवा सगळ्यावरून एकच बोळा फिरवला आहे.

आता आकार. व्हिडिओ कॅसेटच्या काळात टीव्ही जवळपास चौकोनी होता, ४ ला ३. त्यात २.३५ चं चित्र भरायचं तर डावी-उजवीकडचं मिळून ४३ टक्के चित्र फेकावं लागे. दोन टोकांना दोन माणसं बोलत असली की कॅसेटवाला एकदा याच्यावर, एकदा त्याच्यावर चौकट सरकवी. दिग्दर्शकाने कधी न हलवलेला कॅमेरा घरात हलू लागे. नामावलीच्या वेळी अक्षरं कापली जाऊ नयेत म्हणून पूर्ण चित्र दाबून बसवत, आणि नायक-नायिका काही मिनिटं काडीसारखे लांबट दिसून मग एकाएकी भरदार होत. ‘बेन-हर’मधून तर निम्म्याहून जास्त चित्र जाई. रथांच्या शर्यतीत शर्यतच उरेना. एक रथ दिसे, दुसरा ऐकू येई.

वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवल्या की चित्र शाबूत राहतं, पण रेषा कमी पडतात. आपल्याकडे घरोघर पोचलेल्या व्हीसीडीवर सगळ्या मिळून २८८ रेषा असत. पट्ट्या वजा केल्या की स्कोप चित्राच्या वाट्याला सुमारे १६३ यायच्या. डीव्हीडीवर ५७६. तिथे दोन प्रकार होते. काही डिस्कवर काळ्या पट्ट्यांसकट चित्र छापलेलं असे आणि प्रत्यक्ष चित्राला ३२७ च रेषा मिळत. काहींवर रुंद टीव्हीसाठी चित्र उभं ताणून साठवलेलं असे, त्यात ४३६ मिळत. वेष्टणावर दोन्हींना सारखंच ‘वाइडस्क्रीन’ लिहिलेलं. ब्लू-रेवर हा आकडा ८१७ पर्यंत जातो. इथे एक मजा आहे : चित्र जितकं रुंद, तितक्या त्याच्या वाट्याला रेषा कमी. ‘बेन-हर’ला त्याच ब्लू-रेवर सातशेही मिळत नाहीत, आणि तरीही २०११ ची त्याची डिस्क डोळ्यांचं पारणं फेडते. मूळ निगेटिव्ह ८के स्कॅन केलेली होती. मुळातच भरपूर असलं की थोडक्यातही चांगलं मावतं.

आता टीव्ही रुंद झाले तरी कापाकापी थांबलेली नाही. काळ्या पट्ट्या दिसल्या की ‘पैसे पूर्ण टीव्हीचे दिले आहेत’ अशी तक्रार करणारे प्रेक्षक आहेत, आणि त्यांच्यासाठी २.३५ चं चित्र १.७८ मध्ये फुगवून दाखवणाऱ्या वाहिन्याही आहेत. यात चोवीस टक्के चित्र जातं. घरी ओळखायचं कसं? गाण्यात नाचणाऱ्यांची रांग असेल तर टोकांची माणसं मोजावीत. अर्धवट हात दिसले की समजावं.

मात्र चित्र जास्त दिसतंय म्हणजे ते बरोबर, असंही नाही. ‘शोले’चंच बघा. १९७५ साली तो ७० मिलिमीटरचा म्हणून गाजला, मुंबईच्या मिनर्व्हात वर्षानुवर्षं चालला; पण चित्रीकरण झालं होतं ३५ मिलिमीटरवर, जवळपास चौकोनी फ्रेममध्ये. मोठ्या फिल्मवर फुगवताना वरखालचा भाग कापून २.२ चा आकार काढला गेला, म्हणजे उंचीतला तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग गेला. चौकोनी आवृत्तीत गब्बरच्या डोक्यावर आभाळ जास्त आणि पायाखाली खडक जास्त. ती खोटी म्हणता येत नाही, कारण ७० मिलिमीटरची सोय मोजक्याच थेटरांत होती. छायालेखक द्वारका दिवेचांना दोन्ही आकार सांभाळावे लागले असणार. पण रामनगरच्या खडकांची आडवी भिंत आणि तिच्यापुढे येरझाऱ्या घालणारा गब्बर रुंद पडद्यावर जसा बसतो, तसा चौकोनात बसत नाही. मला २.२ चाच आकार हवा. २०२५ मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशनने केलेलं पुनरुज्जीवन इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवलं गेलं ते याच आकारात.

‘शोले’च्या निमित्ताने निगेटिव्हकडे वळू. त्या पुनरुज्जीवनात मूळ कॅमेरा निगेटिव्ह वापरण्याजोगी उरली नव्हती आणि ७० मिलिमीटरची एकही प्रिंट शिल्लक नव्हती. इंग्लंडमधल्या एका गोदामात सापडलेल्या फिल्मचा मोठा आधार घ्यावा लागला. आपल्या हवेत ॲसिटेट फिल्म कुजते, तिला व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो, ती आक्रसते, वाकते. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं. तोवर आणि त्यानंतरही किती रिळं असल्या वासाने गेली, त्याची मोजदाद करून उपयोग नाही. मुद्दा असा, की डिस्क कुठल्या फिल्मवरून निघाली हे तिच्या कुठल्याही वैशिष्ट्याहून महत्त्वाचं असतं. निगेटिव्ह, तिच्यावरून काढलेली पॉझिटिव्ह, तिच्यावरून पुन्हा निगेटिव्ह, आणि तिच्यावरून थेटरात जाणारी प्रिंट. प्रत्येक पिढीत ग्रेनची भर पडते, सावल्या दाट होतात, कडा बोथट होतात.

वेष्टणावर हे सहसा लिहीत नाहीत. पण चित्रपट स्वतःच सांगतो. दर वीसएक मिनिटांनी, रीळ बदलायच्या वेळी, पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक टिपका चमकतो, काही सेकंदांनी पुन्हा एकदा. प्रोजेक्टरवाल्याला दिलेला हा इशारा. डिस्कवर तो दिसला तर ती बहुतेक थेटरच्या प्रिंटवरून घेतली आहे. स्कोप प्रिंटवर हा टिपका आडवा लंबगोल दिसतो, कारण फिल्मवर तो गोल असला तरी भिंग त्यालाही फाकवतं. लंबगोल टिपका बघून मला आनंद होतो हे खरं. डिस्क मात्र मी परत करतो.

‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ची कहाणी या बाबतीत वाचण्यासारखी आहे. १९६२ मध्ये प्रदर्शित झाल्यावर तो कापत कापत लहान केला गेला. १९८९ मध्ये रॉबर्ट हॅरिस यांनी कापलेले तुकडे शोधून, दिग्दर्शक डेव्हिड लीन यांना सोबत घेऊन तो पुन्हा जोडला. लॉरेन्स झालेल्या पीटर ओ’टूलने सत्तावीस वर्षांनी स्वतःच्याच तरुण ओठांवर आवाज दिला. २०१२ मध्ये सोनीने ६५ मिलिमीटर निगेटिव्ह ८के स्कॅन केली, तेव्हा आधी कधी न दिसलेलं काहीतरी समोर आलं : काही रिळांवर केसासारख्या बारीक उभ्या भेगा. वाळवंटातल्या उष्णतेने फिल्मचा थर सुकून तडकला होता. प्रिंटच्या मऊपणात या भेगा लपून जात. ८के मध्ये त्या ओरडू लागल्या. त्या भरण्यासाठी खास सॉफ्टवेअर वापरावं लागलं. म्हणजे पुसण्याचं काम इथेही झालंच. फरक एवढाच, की भेग चित्राची नव्हती आणि ग्रेन चित्राची होती, हे काम करणाऱ्यांना कळत होतं.

हीच डिस्क घेऊन विहिरीचं दृश्य लावा. क्षितिजावर मृगजळात एक काळा ठिपका थरथरतो, हळूहळू उंटस्वार होतो, आणि ओमर शरीफ आपल्यापर्यंत येऊन पोचतो. छायालेखक फ्रेडी यंग यांनी यासाठी ४८२ मिलिमीटरचं लांब पल्ल्याचं भिंग वापरलं. कॅसेटवर तो ठिपका सुरुवातीला दिसायचाच नाही. पीटर ओ’टूल कशाकडे डोळे बारीक करून बघतोय हे प्रेक्षकाला कळायचं नाही. चांगल्या डिस्कवर तो पहिल्या क्षणापासून असतो, आणि त्याच्या कडा वितळत असतात. टीव्हीवरचं ‘शार्पनेस’ वाढवलं की त्या वितळत्या काळ्या कडेला एक पांढरी रेघ चिकटते. डीव्हीडीच्या काळात ही रेघ कारखान्यातूनच छापून येई, चित्र ‘टोकदार’ वाटावं म्हणून. उजळ आकाशापुढे काळी आकृती असलेलं कुठलंही दृश्य घ्या, कडेला तेजोवलय दिसलं की समजा. संतांच्या तसबिरीत ते शोभतं.

रंगांचा निवाडा सगळ्यांत अवघड, कारण इथे आपली आठवणच साक्ष फिरवते. पन्नासच्या दशकापासून सत्तरच्या दशकापर्यंतच्या ईस्टमनकलर प्रिंट काही वर्षांतच विटत; निळसर द्रव्य आधी उडून जाई आणि सगळं गुलाबी-तांबूस होई. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला गावात आलेल्या अशा प्रिंट बघत वाढलेल्या माणसाला खरे रंग भडक वाटतात. टेक्निकलरच्या रंग छापून काढलेल्या प्रिंट मात्र विटत नाहीत, म्हणून पुनरुज्जीवन करणारे संदर्भासाठी त्या शोधत फिरतात. दुसरीकडे, आजचा रंग जुळवणारा तंत्रज्ञ आजच्या चवीने काम करतो. लिओनीच्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ची २०१४ ची डिस्क तपशिलात सरस होती, पण तिच्यावर असा पिवळा हात फिरला होता, की आकाशही पिवळसर झालं. २०१७ मध्ये दुसऱ्या कंपनीने ती पिवळाई उतरवून तोच चित्रपट पुन्हा काढला. मूळ रंग आठवत नसले तरी पकडता येतं : पांढरा सदरा, दात, राखाडी दगड बघा, दिवसाच्या, रात्रीच्या, घरातल्या, बाहेरच्या दृश्यांत. सगळीकडे तीच एक छटा चढली असेल तर ती सूर्याची नव्हे.

कृष्णधवलमध्ये ही कटकट नाही, तिथे दुसरी आहे. गुरुदत्तचा ‘कागज़ के फूल’ हा १९५९ चा, भारतातला पहिला सिनेमास्कोप चित्रपट. व्ही. के. मूर्ती यांनी आरशांवरून ऊन परतवून रिकाम्या स्टुडिओत सोडलेला तो तिरपा झोत सगळ्यांना ठाऊक आहे. झोत म्हणजे काय, तर काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणाऱ्या शेकडो करड्या छटा आणि त्यांत तरंगणारी धूळ. एका डीव्हीडीत तीन-तीन चित्रपट कोंबले, की पहिला बळी असल्या छटांचा जातो. मऊ उतार मोडून त्याच्या पायऱ्या होतात, धुळीचे चौकोनी ठोकळे होतात आणि अंधार गोठून डबक्यासारखा दिसू लागतो. खोली अंधारी करून पडद्यावरची सगळ्यांत गडद सावली आणि वरची काळी पट्टी शेजारी शेजारी पाहावी. पट्टी म्हणजे ठार काळं. सावली तंतोतंत तेवढीच काळी असेल तर तिच्यात जे होतं ते बुडालं. चित्राच्या कोपऱ्यात कंपनीने स्वतःचं बोधचिन्ह कायमचं चिकटवलं असेल, तर त्यावर बोलायलाच नको.

एवढं सगळं करून दोष आपल्याच भिंतीवर निघू शकतो. दुकानातून आलेला टीव्ही ‘व्हिव्हिड’वर असतो : रंग उधळलेले, पांढरा निळसर, आणि दोन फ्रेमच्या मध्ये खोट्या फ्रेम घुसडून हालचाल गुळगुळीत करणारी सोय चालू. तिने ‘बेन-हर’ मालिकेच्या भागासारखा दिसतो. डिसेंबर २०१८ मध्ये टॉम क्रूझने दिग्दर्शक क्रिस्टोफर मॅक्वॉरीसोबत, ही सोय बंद करा असं सांगणारी चित्रफीत काढली होती. त्यानंतरच्या वर्षी ‘फिल्ममेकर मोड’ची घोषणा झाली आणि आता बऱ्याच टीव्हींवर तो असतो. तो लावावा, शार्पनेस शून्याकडे न्यावं, ट्यूबलाइट बंद करावी आणि पडद्याच्या जवळ बसावं. रुंद चित्रपट लांबून बघायचा नसतो.

डिस्क ताडून पाहताना स्थिर चित्रांवर फार विसंबू नये. थांबवलेल्या फ्रेमवरून आकार, कापाकापी, रंग समजतात. ग्रेन मात्र थांबली की डागासारखीच दिसते. तिचा न्याय चित्र चालू असतानाच करायचा.

राहता राहिला ४के आणि एचडीआरचा प्रश्न, आणि इथे जाणकारांतही एकमत नाही. थेटरात प्रिंटचा पांढरा पडदा साधारण ५० निट्स (उजेडाचं माप) एवढाच उजळे. एचडीआर टीव्ही सूर्याला हजार निट्स देऊ शकतो. निगेटिव्हमध्ये एवढा उजेड साठलेला असतो. प्रिंटमध्ये तो कधी उतरला नाही. मग तो आज दाखवायचा का? लॉरेन्स काडी फुंकतो आणि पडद्यावर वाळवंटातलं तांबडं क्षितिज येतं. मग तिथे सूर्य उगवतो. ४के डिस्कवर त्या सूर्याकडे बघताना डोळे किंचित मिटतात. एक पक्ष म्हणतो, १९६२ च्या कुठल्याही प्रेक्षकाने हे पाहिलं नव्हतं, म्हणून हे खोटं. मी दुसऱ्या पक्षाचा. ग्रेन शाबूत असेल, सावल्या मोकळ्या असतील आणि तो उजेड खरोखर निगेटिव्हवर पडलेला असेल, तर माझी तक्रार नाही. तक्रार त्या डिस्कबद्दल, ज्यांच्यात मेणबत्ती, बटण आणि डोळ्यातलं पाणी सगळंच सूर्याइतकं चमकतं. तशाही निघतातच.